घरचे विज्ञान : काचपात्रातील अळंबी



गेल्या काही महिन्यांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अळंबीने बरीच जागा व्यापली आहे. रायपूरच्या एका भगिनींच्या मातोश्रींवर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. ‘प्रयोगशाळेत वाढविलेल्या अळंबीचा अर्क’ असे लेबल असलेल्या कुप्या कोणी त्यांना आणून दिल्या आणि इस्पितळातील औषध आता थांबवावयास हरकत नाही, असेही सुचविले. इंदूरचा एक पदवीधर तरुण विचारतो, की घरातील एका खोलीत बरण्या मांडून औषधी अळंबी काढावयाची आणि ती लाखाच्या भावाने विकावयाची, ही योजना खरी मानावी काय? त्याच्या वडिलांनी त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढावयाचे ठरविले आहे. दोन्ही प्रश्न जिवाभावाचे आहेत आणि दोहोंचे मूळ एकाच गोष्टीत आहे. प्रयोगशाळेत अळंबी वाढवून तिच्यातील गुणकारी द्रव्ये खरोखरच वाढविता येतात काय? उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्या ‘होय’चा अर्थ बाजारात सांगितला जातो तितका सैल नाही, म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहू.

आपला वाचकवर्ग अनेक प्रांतांत विखुरलेला असल्यामुळे प्रथम नावांचा गोंधळ निस्तरणे बरे. आपण जिला अळंबी किंवा भूछत्र म्हणतो, तिला पंजाबात खुंब, झारखंडात खुखडी, छत्तीसगडात फुटू, तामिळनाडूत काळान् आणि कर्नाटकात अणबे म्हणतात. बंगाली माणूस तिला बेडकाची छत्री म्हणतो. आपल्याकडील मुलांनी तोच मान कुत्र्याला दिला आहे. (भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला अशा वेळी काम थांबवून हसावेसे वाटते.) नावे अनेक असली तरी एक गोष्ट सर्वत्र सारखीच विसरली जाते. जी छत्री आपण खुडतो ती म्हणजे अळंबीचा संपूर्ण देह नव्हे. ते केवळ तिचे फळ. खरा देह लाकडात, पेंढ्यात किंवा मातीत पसरलेल्या पांढऱ्या, सुतासारख्या तंतूंचा असतो. त्याला शास्त्रीय मराठीत कवकजाल म्हणतात. आंबा खाणाऱ्याने झाड पाहिलेलेच नसावे, तशी अळंबी खाणाऱ्याची स्थिती असते. प्रयोगशाळेतील सारा खटाटोप या झाडासाठी, म्हणजे कवकजालासाठी आहे.

हे जाल काचेत उतरविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ताजी, निरोगी अळंबी घेऊन ती मधोमध फाडतात. सुरीने कापीत नाहीत, कारण सुरीबरोबर बाहेरचे जंतू आत जातात. आतील स्वच्छ गराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ज्योतीवर तापवून थंड केलेल्या चिमट्याने उचलतात आणि काचबशीतील खळीवर ठेवतात. ही खळ म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे पाणी, डेक्स्ट्रोज ही साखर आणि समुद्रशेवाळापासून निघणारे अगर यांचे मिश्रण. वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते निर्जंतुक केलेले असते. सुमारे २५ अंशांवर ठेविले, तर दोनतीन दिवसांत त्या तुकड्याभोवती पांढरी लव दिसू लागते आणि आठदहा दिवसांत बशी कापूस पसरल्यासारखी भरून जाते. हिरवा वा काळा ठिपका दिसला की ती बशी बाद. तेथे अळंबी नव्हे, आपल्या शिळ्या भाकरीवर येते तसली बुरशी वाढत असते. चांगल्या बशीतील तुकडा उकडलेल्या व निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर घातला की काही आठवड्यांत दाणा न् दाणा पांढऱ्या तंतूंनी मढतो. हेच अळंबीचे बियाणे. व्यवहारात त्यास स्पॉन म्हणतात.

आपल्या देशात हे काम नवे नाही. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६१ साली बटन अळंबीच्या लागवडीस आरंभ झाला. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढविण्यात आली. बंगालमधील दुधी अळंबीचे शास्त्रीय वर्णन १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने ती उष्ण प्रदेशातील शेतकऱ्यांच्या हाती दिली. सोलनजवळ चंबाघाट येथे आज भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अळंबी संशोधन संचालनालय आहे आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळंबीवर संशोधन चालते. ही ठिकाणे ध्यानात ठेवावीत. इंदूरच्या आपल्या मित्राला त्यांचा उपयोग होणार आहे.

आता बशीतून पुढे जाऊ. कवकजालाला पेंढा किंवा धान्य लागतेच असे नाही. साखर, नत्र पुरविणारा एखादा पदार्थ आणि थोडे क्षार असलेल्या पाण्यात ते बुडवून ठेविले, आणि ते पाणी सतत हालवून त्यातून हवा खेळती ठेविली, तर जाल साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांच्या रूपाने वाढते. अमेरिकेतील कृषी खात्याचे संशोधक हॅरी हम्फेल्ड यांनी १९४८ साली बटन अळंबीचे कवकजाल या बुडीत पद्धतीने वाढविल्याचे जाहीर केले. छत्री यावयाला महिना-दीड महिना वाट पाहावी लागते. पाण्यातील जाल आठपंधरा दिवसांत काढणीस येते. शिवाय येथे ऋतू नाही, माशी नाही, खत नाही. मुख्य लाभ मात्र निराळाच आहे. पेंढ्यात काय काय आहे हे कोणी नेमके सांगू शकत नाही. काचपात्रातील पाण्यात मात्र आपण घातले तेवढेच असते. म्हणून एखादा पदार्थ चिमूटभर अधिक घातला, उजेड कमीअधिक केला, आम्लता बदलली, की त्याचा परिणाम स्वच्छ मोजता येतो. गुणकारी द्रव्य वाढविण्याची विद्या या मोजणीतून निघाली.

तिचे उत्तम उदाहरण ज्या द्रव्याचे आहे त्याचे नाव एर्गोथायोनीन. शार्ल तान्रे या फ्रेंच औषधिशास्त्रज्ञाने १९०९ साली ते राय या धान्यावरील अरगट रोगाच्या बुरशीतून वेगळे काढले. बाजरीच्या कणसावर चिकट मधासारखा येणारा अरगट आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे; हा त्याचाच भाऊबंद. विषारी बुरशीतून निघालेले हे द्रव्य स्वतः विषारी नाही. प्राण्यांना किंवा वनस्पतींना ते बनविता येत नाही. बुरश्या व काही जिवाणूच ते बनवितात. वनस्पतींत थोडेबहुत सापडते ते जमिनीतून घेतलेले. असे असूनही माणसाच्या रक्तपेशींत, यकृतात, डोळ्यांत ते साठविलेले आढळते. हे कोडे बरीच वर्षे पडून होते. १९०९ नंतर तब्बल ९६ वर्षांनी, २००५ साली, जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी दाखवून दिले, की आपल्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन असे आहे, जे मुख्यत्वे हेच द्रव्य ओढून आत घेते. शरीर ज्याच्यासाठी स्वतंत्र दरवाजा राखते, ते त्याला निरुपयोगी असेल असे वाटत नाही. पेशींना प्राणवायूच्या माऱ्यापासून वाचविण्याचे काम ते करीत असावे, असा बहुतेक शास्त्रज्ञांचा कयास आहे, आणि २०१८ साली ब्रूस एम्स या ज्येष्ठ जीवरसायनशास्त्रज्ञाने त्याला दीर्घायुष्याच्या जीवनसत्त्वांत गणावे असे सुचविले. सूचना आणि सिद्धान्त यांतील अंतर मात्र वाचकांनी विसरू नये. त्याच्या अभावाने अमुक रोग होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

हे द्रव्य वाढवावयाचे कसे? कवक ते हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून घडविते. गंधक घेते सिस्टीनपासून, आणि त्यावर चढणारे मिथिल गट येतात मिथिओनीनकडून. हे कळल्यावर पुढची पायरी एखाद्या गृहिणीलाही सुचावी. लाडू कमी पडत असतील, तर आधी डब्यात बेसन कमी आहे, तूप कमी आहे, की साखर, ते पाहावयाचे. धिंगरीच्या जातीच्या अळंब्यांवर झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी ही अमिनो आम्ले एकेक करून पोषकद्रवात घातली आणि जालातील एर्गोथायोनीन वाढल्याचे त्यांना आढळले. मिथिओनीनचा गुण विशेष दिसला. परंतु अति घातले तर जालाची वाढच खुंटते. तेव्हा प्रत्येक ग्रॅमातले द्रव्य वाढले पण एकंदर ग्रॅमच घटले, असा तोट्याचा हिशेब होऊ शकतो. ‘अमुक पट अधिक’ असे वाक्य वाचले, की कशाच्या अमुक पट, असे विचारण्याची सवय यासाठी ठेवावी.

ज्यांना बाजारचा अर्क घ्यावयाचा नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगतो. साध्या पांढऱ्या बटन अळंबीपेक्षा धिंगरी व शिताके यांत एर्गोथायोनीन मुळातच कित्येक पटींनी अधिक असते, आणि शिजविल्याने ते फारसे नष्ट होत नाही. धिंगरी पेंढ्यावर येते, स्वस्त पडते आणि तिच्या भाजीला कोणत्याही कुपीची गरज नसते.

दुसरे उदाहरण ड जीवनसत्त्वाचे. त्याला प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर दोन्ही चालतात, म्हणून ते मला अधिक प्रिय आहे. कवकाच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. तेही प्रथम काढले तान्रे यांनीच, १८८९ साली, आणि त्याच अरगटातून. त्यावर अतिनील किरण पडले की त्याचे ड-२ जीवनसत्त्व होते. या स्टेरॉलवर्गाच्या व जीवनसत्त्वांशी असलेल्या त्याच्या संबंधाच्या अभ्यासाबद्दल अडॉल्फ विंडाऊस यांस १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बटन अळंबी अंधारात वाढवितात, म्हणून तिच्यात कच्चा माल भरपूर, पण तयार जीवनसत्त्व जवळजवळ नाही. तिच्यावर किंवा तिच्या जालावर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला, तर ते झपाट्याने तयार होते. तीव्र झोताच्या दिव्यांनी हे काम काही सेकंदांत उरकते.

आपल्या गच्चीवरील दिवा फुकट आहे. अळंबी पुसून, काप करून, आणि अख्खीच ठेवावयाची असल्यास झालरीची बाजू वर करून, सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात अर्धा-पाऊण तास उघड्या उन्हात ठेवावी. खिडकीच्या काचेआड ठेवून उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडविते. चांगल्या उन्हात अशा १०० ग्रॅम अळंबीत बहुधा १० मायक्रोग्रॅमहून अधिक ड-२ तयार होते. प्रौढ माणसासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सांगितलेले रोजचे प्रमाण १५ मायक्रोग्रॅम आहे. शिजविताना काही भाग जातो, बराच उरतो. ड-२ हे प्राणिज ड-३ इतके रक्तात टिकत नाही, हे खरे. परंतु शाकाहारी घरात, आणि उन्हाच्या देशात राहूनही दिवसभर कचेरीत कोंडलेल्या मंडळींच्या घरात, एवढी भर क्षुल्लक नव्हे. ज्यांच्या हाडांची तक्रार आहे आणि ज्यांना वैद्यांनी गोळी दिली आहे, त्यांनी मात्र गोळीच घ्यावी.

सेलेनियमची कथा थोडक्यात. हे मूलद्रव्य शरीराला रोज जेमतेम ४० मायक्रोग्रॅम लागते; अधिक झाले तर तेच विष ठरते, केस गळतात, नखे झडतात. पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर भागातील काही गावांच्या जमिनीत ते इतके आहे, की तेथे हा त्रास प्रत्यक्ष झालेला आहे. त्याच भागातील गव्हाच्या काडावर धिंगरी वाढविली, तेव्हा ते सेलेनियम तिने आपल्यात उचलून घेतले. एका गावाची पीडा दुसऱ्या गावाचे अन्न व्हावी, अशी ही कल्पना आहे. पण येथे मोजमाप हेच सर्वस्व आहे. अशी अळंबी तपासणीवाचून कोणीही विकू नये, आणि घेऊही नये.

आता इंदूरच्या मित्राकडे वळतो. त्याने लिहिलेली नारिंगी अळंबी म्हणजे कॉर्डिसेप्स मिलिटारिस. उत्तराखंडातील पिथौरागड-चमोलीच्या उंच कुरणांत बर्फ वितळल्यावर शोधतात ती कीडाजडी निराळी, तिचा वंश निराळा. लाखांचे भाव ऐकावयास येतात ते त्या रानच्या कीडाजडीचे. बरणीत भातावर येते ती ही दुसरी. तिच्यात कॉर्डिसेपिन नावाचे द्रव्य असते, आणि गंमत अशी, की १९५० साली ते प्रथम वेगळे केले गेले ते रानातल्या अळंबीतून नव्हे, प्रयोगशाळेत वाढविलेल्या कवकातूनच. कोणता उजेड द्यावा, भाताबरोबर कोणते नत्र द्यावे, यावर त्याचे प्रमाण अवलंबून असते. म्हणून संशोधकांना ही जात आवडते.

पण एक गोष्ट जाहिरातदार सांगत नाहीत. या कवकाचा वंश लवकर म्हातारा होतो. एका बशीतून दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत असे कलम करीत गेले, की काही पिढ्यांनी जाल तर पूर्वीसारखेच दिसते, पण नारिंगी दांडे यावयाचे कमी होतात आणि कधी मुळीच येत नाहीत. मोठ्या प्रयोगशाळा मूळ कवक द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि त्यातूनच पुनःपुन्हा नवी सुरुवात करतात. खोलीत बरण्या मांडणाऱ्याला हे साधत नाही. तो बियाण्यासाठी विकणाऱ्याकडे बांधलेला राहतो. शिवाय थंड केलेली खोली, निर्जंतुक हवा आणि विजेचे बिल हे सारे आधी, आणि गिऱ्हाईक नंतर. ‘तयार माल आम्हीच परत विकत घेऊ’ असे जो सांगतो, त्याच्याकडून भाव आणि मुदत यांसह लेखी करार मागावा, आणि त्याच्याकडे पूर्वी माल दिलेल्या दोन माणसांना प्रत्यक्ष भेटावे. माझा सल्ला विचाराल, तर वडिलांची रक्कम जागीच राहू द्यावी. सोलनच्या किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाच्या प्रशिक्षणवर्गात नाव घालावे, धिंगरीच्या दहा पिशव्या टांगाव्यात, आणि त्या गावातल्या गावात विकून पाहाव्यात. दहा पिशव्यांत जे कळते ते चकचकीत माहितीपुस्तकात कळत नाही.

रायपूरच्या भगिनींना मात्र अधिक गंभीरपणे लिहावयाचे आहे. अळंबी आणि कर्करोग यांचा संबंध निव्वळ अफवा नाही. जपानमध्ये गोरो चिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके अळंबीतून लेंटिनान नावाची बहुशर्करा काढली आणि उंदरांतील गाठींवर तिचा परिणाम होतो, हे १९६९ साली प्रसिद्ध केले. १९८५ साली तेथे जठराच्या कर्करोगात तिच्या वापरास मान्यता मिळाली. परंतु ती कशी, ते पाहा. ते शुद्ध केलेले द्रव्य होते, शिरेतून टोचावयाचे होते, आणि नेहमीच्या औषधांच्या बरोबरीने द्यावयाचे होते; त्यांच्या ऐवजी नव्हे. कॉर्डिसेपिनची कथा तर याहून तोकडी आहे. काचपात्रातील कर्कपेशींवर ते प्रभावी दिसते, पण माणसाच्या रक्तात शिरताच तेथील एक विकर त्याला थोड्याच वेळात मोडून टाकते. काचेतील पेशी मेली, म्हणजे घरातील रुग्ण बरा झाला नाही.

तेव्हा, ताई, आईचे इस्पितळातील औषध एक दिवसही थांबवू नका. कुप्या घेऊन जा आणि त्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा, लपवू नका. असले काही अर्क रक्त गोठण्याच्या क्रियेत वा इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून ते चालू आहेत की नाहीत हे त्यांना कळणे अवश्य आहे. आईला अळंबीची भाजी आवडत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर चांगली शिजवून अवश्य द्या. कच्ची देऊ नका. उपचारांनी अशक्त झालेल्या शरीराला ती सोसत नाही. आणि शेजाऱ्याने रानातून आणलेली तर मुळीच नको. विषारी जातीची छत्री शिजवूनही विषारीच राहते.

राहता राहिला प्रश्न या कुप्यांत व पुड्यांत असते तरी काय, याचा. धान्यावर वाढविलेले कवकजाल धान्यापासून वेगळे काढता येत नाही, म्हणून पुष्कळदा सारेच वाळवून दळतात. मग चूर्णात कवक किती आणि तांदूळ किती, हे विकणाराच जाणे. लेबलावर ‘बहुशर्करा अमुक टक्के’ असे मोठ्या अक्षरांत छापतात, आणि ते खोटेही नसते, कारण तांदळातील पिष्ट हीदेखील बहुशर्कराच आहे. अळंबीची म्हणून जी ओळखावयाची ती बीटा-ग्लुकान. तिचा आकडा वेगळा दिला आहे काय, ते पाहावे. छत्रीचे चूर्ण आहे की जालाचे, आणि जालाचे असल्यास ते पाण्यात वाढविलेले की धान्यावर, हेही लिहिलेले असावयास हवे.

एक सोपी परीक्षा घरीही करता येते. चिमूटभर चूर्ण अर्धी वाटी पाण्यात उकळून पूर्ण निवू द्यावे आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पाणी गर्द निळे-काळे झाले, तर त्यात धान्याचे पिष्ट भरपूर आहे. तांबूस-पिवळेच राहिले, तर निदान तांदळाची भर नाही. शेजारी दुसऱ्या वाटीत भाताची पेज घेऊन तीच कृती केली, म्हणजे रंग ताडून पाहता येतो. मुलांना ही परीक्षा दाखवावी, त्यांना ती फार आवडते. वाट्या मात्र जुन्या, टाकाऊ घ्याव्यात आणि आतील पाणी लगेच मोरीत ओतून द्यावे.